जाड तार आणि डावा घोटा

ज्यांच्या पायांना आत्ता मुंग्या येतायत आणि जे "उद्या बघू" म्हणून गप्प बसलेत, त्यांच्यासाठी मी हे लिहितोय. मी लेखक नाही. बावीस वर्षं टेम्पो चालवला, एरवी जांभ्या दगडाचे चिरे वाहिले आणि सीझनला आंबा. लिहायचं काम म्हणजे आजवर चलनावर सही करणं. तेव्हा कुठे गाडी खड्ड्यात गेली तर सांभाळून घ्या.

एक आधीच सांगून टाकतो. शेवटी मी ठणठणीत झालो असं यात नाही. बराच बरा झालोय. भीती मात्र अजून आहे, आणि ती नाही असं दाखवणं मला जमत नाही.

हातखंब्याचा उतार

मी चपला काढून गाडी चालवतो. आमच्याकडचे बरेच ड्रायव्हर चालवतात. ब्रेक तळव्याला कळला पाहिजे, क्लच कुठे सुटतो ते बोटांना कळलं पाहिजे. इंजिन तर कानापेक्षा बुडाला आधी कळतं. सीटवर बसल्या बसल्या मी सांगायचो की आज फिल्टर साफ करायला हवा.

त्या सकाळी खाणीवरून शंभरेक चिरे भरून निघालो होतो. दोन दिवस पायांना मुंग्या येत होत्या. त्याआधी पंधरा दिवसांपूर्वी पोट बिघडलं होतं, पण त्याचा याच्याशी संबंध असेल हे कोणाच्या डोक्यात येणार? हातखंब्याच्या अलीकडच्या उतारावर आलो. समोर तिठ्यावर माणसं उभी होती, वडापच्या जीपची वाट बघत. मी ब्रेक दाबला. म्हणजे दाबला असं मला वाटलं. गाडी तशीच जात राहिली. खाली बघितलं तर पाय ब्रेकवर होता, पण नुसता ठेवलेला. तो तिथे आहे हे मला डोळ्यांनी कळलं, पायाला कळलंच नव्हतं.

गिअर खाली टाकला, हँडब्रेक ओढला, माणसांच्या अलीकडे वीसेक पावलांवर गाडी थांबली. एका बाईने माझ्याकडे बघितलं, हातातली पिशवी दुसऱ्या हातात घेतली, आणि पुन्हा रस्त्याकडे बघायला लागली. तिला काही कळलंच नाही. मी मात्र स्टिअरिंगवर डोकं टेकून बसलो. 

आणि मग काय केलं? कोणाला काही सांगितलं नाही. पायाला ब्रेक कळत नाही म्हणणाऱ्या ड्रायव्हरच्या गाडीत माल कोण भरणार? हँडब्रेकवर हात ठेवून, दुसऱ्या गिअरमध्ये, चिरे पोचवून कुवारबावला घरी आलो. रस्त्यात किती माणसं भेटली असतील. त्याची मला अजून लाज वाटते.

तेलवाले आजोबा

दुसऱ्या दिवशी सकाळी मोरीतल्या पाटावरून उठताच येईना. वैशालीने, म्हणजे माझ्या बायकोने, काखेत हात घालून उचललं. तिने भावाला फोन केला. संतोष दहा मिनिटांत रिक्षा घेऊन आला. मला बघितलं आणि त्याने निदान करून टाकलं.

"भावजी, अंगावरना वारा गेला तुमच्या. घाबरू नका. आमच्या वाडीतल्या पांडूकाकाला असाच झालेला. तेलवाल्या आजोबांनी महिन्याभरात चालता केलान."

आमच्याकडे पाय गेला की वारं. वारं म्हटलं की तेल. यात कोणी विचार करत नाही. तासभराच्या रस्त्यावर एका वाडीत हे आजोबा राहतात, त्यांच्या हाताला गुण आहे असं सगळे म्हणतात. वैशाली म्हणाली, "आधी दवाखान्यात जाऊया का?" मीच म्हणालो, नको. दवाखान्यात गेलो तर मोठं काहीतरी निघेल याची मला भीती होती. तेलवाल्याकडे गेलो तर फक्त वारं निघणार होतं.

आजोबा ओटीवर बसले होते. त्यांनी माझी पावलं मांडीवर घेतली, पोटऱ्या दाबल्या, मग म्हणाले, "माजा हात दाबा जोरात." मी दाबला. त्यांनी दुसरा हात दिला. तोही दाबला. त्यांचा चेहरा बदललेला मी बघितला.

"वारा एका अंगाला जातो," ते संतोषला म्हणाले. "ह्यांचे दोनी पाय सारके गेलेत. आता हात पन सैल लागतायत. सकाळी येवढे सैल होते काय?"

"नाय," वैशाली म्हणाली.

"मग ह्यो वर चढतोय. माजा काम नाय ह्यो. तेल लावीत बसलो नि उशीर झाला, तर पाप माज्या माथी. रिक्षा फिरवा. वाटेत चाय प्यायला पन थांबू नका."

त्यांनी तेलाची बाटली उघडली नाही, चहाही विचारला नाही. त्यांच्या जागी दुसरा कोणी असता तर आठवडाभर तेल चोळून घेतलं असतं आणि हे लिहायला मी नसतो. मोठ्या डॉक्टरांनी पुढे पुष्कळ केलं, पण मला वेळेत दवाखान्याकडे वळवणारा पहिला माणूस तो.

नऊ

मेंदूचे डॉक्टर रत्नागिरीत फक्त शनिवारी येतात. तो शनिवार होता. बाकी नशिबाबद्दल माझी तक्रार आहे, पण हे एक त्याने नीट केलं.

डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारली. पाय उडाला नाही. मग त्यांनी खिशातून दोन पायांचा एक स्टीलचा चिमटा काढला, स्वतःच्या तळहातावर आपटला आणि त्याची दांडी माझ्या घोट्यावर टेकवली.

"काय जाणवतंय?"

"गार लागतंय."

"थरथर?"

नाही. गुडघ्यावर टेकवला. नाही. कमरेच्या हाडावर काहीतरी लांबून आल्यासारखं. छातीच्या मधल्या हाडावर टेकवला तेव्हा चांगलं कळलं, टेम्पो न्यूट्रलला चालू ठेवल्यावर कळतं तसं. "हां, इथे आहे," मी म्हणालो, आणि मला उगीच बरं वाटलं. डॉक्टरांना वाटलं नसावं.

जीबीएस, ते म्हणाले. पोट बिघडलं त्याच्याशी लढायला उठलेली अंगातली राखण करणारी फौजच मग आपल्या नसांवर उलटते. "बहुतेक जण बरे होतात. पण आधी खाली जातात, मग वर येतात. तुम्ही किती खाली जाल ते आज मला सांगता येणार नाही." एवढं सरळ बोलल्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. त्या क्षणी मात्र त्यांचा गळा धरावासा वाटला. हातात तेवढा जोर नव्हता.

आयसीयूत दर दोन तासांनी एक परीक्षा असायची. मोठा श्वास घ्या आणि एका श्वासात आकडे मोजा. एक, दोन, तीन. छातीचे स्नायू किती शाबूत आहेत ते त्यावरून कळतं म्हणे. शनिवारी दुपारी मी अठ्ठावीसपर्यंत गेलो. संध्याकाळी बावीस. रविवारी सकाळी पंधरा. वैशाली समोर उभी राहून माझ्याबरोबर मनात मोजायची, मी तिच्या तोंडाकडे बघत मोजायचो. रविवारी दुपारी मी नऊवर थांबलो. तिचे ओठ दहा म्हणायला उघडे होते.

त्यानंतर घशात नळी घातली.

अकरा दिवस मशीनवर होतो. सगळं ऐकू येत होतं, सगळं समजत होतं. बोट हलत नव्हतं. डोळे तेवढे उघडमीट होत होते. बाहेरून माणूस झोपल्यासारखा दिसतो आणि आत तो ओरडत असतो. हे ज्यांच्या घरातलं माणूस आत्ता मशीनवर आहे त्यांनी लक्षात ठेवावं. मशीन बंद पडलं तर कोणाला कळेल का, लाइट गेली तर, सिस्टर चहाला गेली तर, एवढंच डोक्यात फिरायचं. मी मरणाला घाबरत होतो हे खरं, पण त्याहून जास्त घाबरत होतो ते असंच जिवंत राहण्याला.

एक सिस्टर होती, मला हात लावण्याआधी सांगायची. "काका, आता कूस बदलत्ये हं. काका, आता घसा साफ करायचाय, वाईट लागेल, दहा मोजेपर्यंतच." बाकीचे माझ्या अंगावरून एकमेकांशी बोलायचे. तिची पाळी कधी आहे ते मी भिंतीवरच्या घड्याळावरून ओळखून ठेवलं होतं.

वैशालीने ठरवलं: एकदा डोळे मिटले की हो, दोनदा की नाही. ती विचारायची, दुखतंय का? थंडी वाजते का? तन्वीला आत आणू का? तन्वी आमची मुलगी, तेव्हा अकरावीत. मी दोनदा, दोनदा, एकदा. पण मला विचारायचं होतं भलतंच. टेम्पो घरासमोर उतारावर उभा होता, आणि चाकाखाली दगड लावलाय का हे मला आठवत नव्हतं. हँडब्रेक त्या दिवशी फार ओढला होता, त्याचा भरवसा नव्हता. तीन दिवस मी तिच्याकडे बघून डोळे मिटत होतो, उघडत होतो, ती बिचारी एकेक विचारत होती, डास आहे का, देव आठवतोय का. चौथ्या दिवशी तन्वीने विचारलं, "बाबा, गाडीचं काही आहे का?" एकदा मिटले. "ब्रेक?" एकदा. "चाकाखाली दोन चिरे लावलेत बाबा. मी स्वतः लावलेत." त्या दिवशी मला झोप लागली.

घरी

सव्वा महिन्याने घरी आलो तेव्हा माझं वजन वैशालीला पेलवेल एवढं झालं होतं. नळी निघाली, श्वास आला, खांद्यापासून खाली हळूहळू एकेक भाग परत यायला लागला. बोटं आणि पाय मात्र दुसऱ्या कोणाचे तरी असावेत असे पडून.

फिजिओच्या मॅडम दिवसाआड घरी यायच्या. मऊ चेंडू दाबा, वाटीतले चवळीचे दाणे उचला. मी अशी माणसं बघितली आहेत जी आजारपणात शांत होतात. मी झालो नाही. वाटी फेकायला हातात जोर नव्हता, म्हणून तोंडाने फेकायचो. भात गार आहे. उशी वाकडी आहे. तन्वी मोठ्याने हसते. वैशाली महिनाभर ऐकून घेत होती. एक दिवस म्हणाली, "गाडी संतोष चालवू दे का? उभी राहून खराब होईल."

"मी मेलो नाही अजून," मी म्हणालो.

ती माझे पाय पुसत होती. तिने फडकं बादलीत टाकलं. "नाय मेलात म्हणूनच करत्ये ना सगळं? मेला असता तर कशाला पुसले असते?" आणि तिथेच लादीवर बसून रडायला लागली. मला उठून तिच्याजवळ जाता येत नव्हतं. हात पुढे केला, तो तिच्यापर्यंत पोचला नाही. तीच सरकून जवळ आली. दुसऱ्या दिवशी मी संतोषला किल्ली दिली.

बुवांचं दुकान

चार महिन्यांनी काठी घेऊन चालायला लागलो. चेंडूचा मला वीट आला होता. मॅडम म्हणाल्या, "एकेक बोट वेगळं चालेल असं काहीतरी करा. पेटी वाजवा ना, हार्मोनियम." वैशालीला ही कल्पना फार आवडली. निदान घरात दोन भजनं होतील.

म्हणून आम्ही बुवांच्या दुकानात गेलो. बुवा भजनी मंडळाचे, दुकानात पेट्या, तबले, नमनाचे मृदंग, सगळं दुरुस्तीला आलेलं. आत शिरलो आणि समोर भिंतीवर एक काळी लांबलचक गिटार टांगलेली. वर धूळ.

"ह्यो काय?" मी विचारलं.

"गिटार. एका आर्केस्ट्रावाल्यानं मागवलान नि मग फिरकलाच नाय मेला. चार तारांचा हाय. बाकीच्यांना सहा असतात. शिकणाऱ्याला चार बऱ्या, सोपा पडतो." बुवांनी ती काढली, धोतराच्या सोग्याने पुसली, आणि तिचं बूड माझ्यासमोरच्या लाकडी फळीवर टेकवून सगळ्यात जाड तार ओढली.

माझी कोपरं फळीवर होती. आवाज असा काही आलाच नाही, पण थरथर कोपरांतून वर खांद्यात गेली. चालू इंजिन. चार महिन्यांत पहिल्यांदा. मी म्हटलं, "इकडे द्या." छातीच्या हाडाला तिची कड टेकवली. बुवांनी तार ओढली. डॉक्टरांचा चिमटा जिथे कळला होता तिथेच, पण त्याच्या दसपट. मांडीवर घेतली. मांडीतही आलं. थोडं, पण आलं. गुडघ्यावर नाही.

मी दुकानात रडलो. बुवांना वाटलं दुखलंखुपलं. "पानी आना रे," ते आत ओरडले.

"हीच घेणार," मी म्हणालो.

"अहो, पेटी घ्यायला आलो ना आपण?" वैशाली म्हणाली. तिला काय सांगणार? गाडी सापडली म्हणून सांगितलं असतं तर तिने थेट दवाखान्यात नेलं असतं. मांडीवर हात दाबून म्हटलं, "इथे कळलं मला." तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि गिटारची पिशवी स्वतःच्या खांद्याला लावली.

घरी येऊन वाजवली तर आवाज डासाएवढा. आम्हाला वाटलं बुवांनी बिघडलेली गळ्यात मारली. तन्वी कॉलेजमधून आली आणि हसून हसून खाली बसली. "बाबा, ही बेस आहे! जाड आवाजाची. हिला अँप लागतो, स्पीकर लागतो. आणि चार तारा म्हणजे सोपी नाही काही."

मी स्पीकर घेतला नाही. मला आवाज नको होता. फणसाच्या लाकडाच्या कपाटाला तिचं डोकं टेकवलं की कपाट घुमायचं, आणि पाठ कपाटाला लावून बसलं की ते अंगात यायचं. तेवढं बास होतं.

मग एक नेम सुरू झाला. दर रविवारी सकाळी तन्वी गिटारची कड माझ्या पायाच्या हाडावर टेकवायची आणि जाड तार ओढायची. "आहे?" आहे. थोडं खाली. "आहे?" जिथे नाही म्हणालो तिथे ती स्केचपेनने रेघ मारायची. अंघोळीत रेघ पुसट व्हायची, म्हणून ती बुधवारी परत गिरवायची. पहिल्या रविवारी रेघ मांडीवर. तिसऱ्या रविवारी उजव्या गुडघ्याच्या वाटीवर. शनिवार आला की मला जेवण जायचं नाही. रेघ वर सरकली तर? ती वर कधी सरकली नाही. कधी कधी दोन-दोन आठवडे तिथेच राहायची, तेही मला वर सरकल्याएवढंच भयंकर वाटायचं.

शिकायचं म्हणजे फोनवर व्हिडिओ बघून. डाव्या हाताची चार बोटं चार पट्ट्यांवर ठेवायची, अंगठा मागे दांड्याला. उजव्या हाताची दोन बोटं आळीपाळीने तार ओढणार, चालल्यासारखी. माझी करंगळी तार दाबायची नाही, नुसती वर जाऊन बसायची. पण ते कळत होतं. न कळलेली गोष्ट वेगळीच होती. तीन आठवडे मी व्हिडिओतल्या माणसाने ठेवलं तिथेच बोट ठेवत होतो आणि दर वेळी त्याचा सूर एक, माझा भलताच. मी पट्ट्या मोजून बघितल्या. पुन्हा मोजल्या. तेच.  पाय गेले, हात गेले, आता कान गेला, की डोकंच? कोणाला विचारायची छाती होईना. शेवटी तन्वीला म्हटलं, "मला नीट ऐकू येत नाही वाटतं."

तिने फोनवर कसलं तरी अ‍ॅप लावलं, एकेक तार ओढली आणि डोक्याला हात लावला. "बाबा, ही लावलीय कुणी?"

बुवांनी लावली होती. विकण्याआधी त्यांनी प्रेमाने ती पेटीवर जुळवून दिली होती, तानपुऱ्यासारखी, पंचम, दोन मध्ये जोडीचे सा, आणि खाली खर्ज, मंडळ गातं त्या काळी एकच्या सुरात. फोन केला तर म्हणाले, "मग? तारा काय नुसत्या ताणून सोडायच्या? सुरात नको?" वैशाली इतकी हसली की तिला ठसका लागला. आजार सुरू झाल्यापासून ती तशी हसली नव्हती. मी हसलो नाही. तीन आठवडे मी आपलं डोकं गेलं असं समजत होतो, ते अंगातून निघायला वेळ लागला.

चहाचा कप

सहाव्या महिन्यात एका सकाळी मी डाव्या हाताने चहाचा कप उचलला आणि बोटांना तो गरम लागला नाही.

कप खाली ठेवला. बोटांची टोकं एकमेकांवर घासली. काही नाही. चारही टोकं मेलेली. डॉक्टर म्हणाले होते, हा आजार सहसा परत येत नाही. सहसा. मी त्या एका शब्दाबरोबर सहा महिने झोपलो होतो.

वैशाली आत पोळ्या करत होती. मी काय केलं असेल? गप्प बसलो. पुन्हा तेच, हातखंब्याला केलं तेच. आंघोळ केली, पेपर उघडला, अक्षर वाचलं नाही. मनात एका श्वासात आकडे मोजत राहिलो. तिसऱ्यांदा मोजताना वैशाली दारात उभी होती.

"काय मोजताय?"

मी हात पुढे केला. "परत आलंय."

तिने गॅस बंद केला, पिठाचे हात पदराला पुसले आणि रिक्षा बोलावली. रिक्षात म्हणाली, "मोजा." मी मोजायला लागलो, तीही मोठ्याने माझ्याबरोबर. रिक्षावाला आरशातून बघत होता. एकतीसला माझा श्वास संपला. ती म्हणाली, "एकतीस झाले. एकतीस बरे आहेत." तिचा हात माझ्या मनगटावर होता.

दवाखान्यात फिजिओच्या मॅडम भेटल्या. त्यांनी मला बसवलं, डोळे मिटायला सांगितले आणि सुईचं टोक एकेका बोटाला लावलं. तर्जनी, नाही. मधलं, नाही. अनामिका, करंगळी, नाही. मला आयसीयूचं छत दिसायला लागलं होतं.

"अंगठा?"

"आई ग!"

"उजवा हात?" सगळी बोटं टोचली.

"डोळे उघडा काका. हा आजार अंगठा सोडून चार बोटं धरत नाही, आणि एकच हात धरत नाही. हे बघा." त्यांनी माझं बोट उजेडात धरलं. टोकाची कातडी पिवळट, जाड, टणक. "घट्टे पडलेत. काय करता काय दिवसभर?"

मी सांगितलं. सकाळी दोन तास, दुपारी दोन. मॅडम खुर्चीत मागे रेलल्या. वैशाली उठून दाराबाहेर गेली. परत आली तेव्हा तिने तोंड धुतलेलं होतं. "उद्यापासून ती गिटार माळ्यावर," ती म्हणाली. 

दुसऱ्या दिवशी चहाबरोबर तिनेच ती आणून मांडीवर ठेवली. "एकच तास," म्हणाली, आणि दारातच बसून राहिली.

आत

आता उजव्या पायाची रेघ संपलीय. तळव्यापर्यंत थरथर पोचते. डाव्या पायाची घोट्याच्या दोन बोटं वर अडकली आहे, तीन महिने झाले. गाडी संतोषच चालवतो. मी बाजूला चपला काढून बसतो. क्लचचा पाय डावाच असतो, आणि ज्याला क्लच कळत नाही त्याने माणसांच्या रस्त्यावर गाडी घालू नये हे मी एकदा शिकलोय. ती रेघ खाली येईल का, मला माहीत नाही. बेसवर मला एक साधी चाल येते, चार सुरांची. करंगळी आता दाबते.

मध्यंतरी मॅडमचा फोन आला. दापोलीला शिकणारी एक मुलगी, वीस वर्षांची, जीबीएस. आयसीयूतून बाजूच्या खोलीत आणलीय पण घशात अजून नळी आहे. वडील राजापूरकडचे, कोणाशी बोलत नाहीत, जेवत नाहीत. "तुम्ही येऊन त्यांना फक्त दिसा," मॅडम म्हणाल्या.

मी दोनदा नाही म्हणालो. खोटं कारण दिलं. आयसीयूचा तो जिना मला पुन्हा चढायचा नव्हता. तिसऱ्यांदा वैशालीने फोन घेतला आणि म्हणाली, "येतायत."

मी बेस बरोबर घेतली. का, ते मला सांगता आलं नसतं. सिस्टरने ती स्पिरिटने पुसायला लावली. तीच, हात लावण्याआधी सांगणारी सिस्टर होती.

वडील बाकावर बसले होते. मी काठी टेकत त्यांच्यासमोर उभा राहिलो. म्हटलं, "मी अकरा दिवस आत होतो. नळी होती."

त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं. "बरा होतो काय ओ ह्यातना मानूस?"

"बहुतेक होतात. आधी खाली जातात, मग येतात." मला शब्द डॉक्टरांचेच आठवले, माझ्याकडे दुसरे नव्हते.

आत गेलो. मशीनचा तो आवाज ऐकला आणि मी दारातच थांबलो, वैशालीने दंड धरून पुढे नेलं. मुलगी छताकडे बघत होती. तेच छत. मी म्हटलं, "बाळा, मी पण असाच होतो. तुला सगळं ऐकू येतंय हे मला माहीत आहे. आता मी ही गिटार तुझ्या पलंगाला टेकवतोय हं. दुखणार नाही. थरथरलं की एकदा डोळे मिट."

पलंगाच्या दांड्याला बेस टेकवून जाड तार ओढली. खोलीत काही ऐकू आलं नाही. तिचे डोळे तसेच. पुन्हा ओढली. तसेच. मला वाटलं, काय करून बसलो हे, तिच्या बापासमोर.  सिस्टर हळूच म्हणाली, "काका, वर घ्या, डोक्याकडे."

उशीशेजारी, डोक्याजवळच्या फळीला टेकवली. "आता इथे टेकवतोय हं." तार ओढली आणि हात उचलला, घुमू दिली.

तिने डोळे मिटले. उघडले.

मी वाकून विचारलं, "आणखी?"

एकदा.

मागून वडील पुढे आले. पलंगाची दांडी त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती. "काय बोल्ली ती?" त्यांनी विचारलं. "काय बोल्ली?"

"आणखी वाजवा म्हणाली," मी म्हटलं, आणि वाजवली.